शिरोडकर, शालू, आर्ची आणि आपल्या घरातल्या मुली

आज हप्ता, व्याज, थकबाकी यातलं काही नाही. आज सिनेमाबद्दल बोलायचं आहे. बचत गटाच्या कार्यक्रमात सिनेमा कशाला, असं काही जणी म्हणतील. पण बैठकीत वही मिटली, चहा आला की आपण कशावर बोलतो ते आठवून बघा. कुणाची मुलगी नववीत आहे, तिच्या दप्तरात चिठ्ठी सापडली. कुणाच्या मुलाच्या मोबाइलमध्ये कुणाचा तरी फोटो निघाला. आवाज बारीक होतो, माना जवळ येतात आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: "दहावी झाली की उजवून टाकू."

हे बोलणं उघडपणे होत नाही, आणि त्याला कारण आहे. मुलीची आई गटात असते आणि पुष्कळदा मुलाची आईसुद्धा त्याच गटात असते. एकीच्या कर्जाला दुसरी जामीन असते. एक जण खालच्या आळीतली, दुसरी वरच्या. तिथे सरळ नाव घेऊन बोललं तर गट फुटायचीच भीती. म्हणून आम्ही कर्वेनगरच्या आमच्या कार्यालयातून एक पडदा आणि प्रोजेक्टर गावोगावच्या गटांकडे न्यायला सुरुवात केली. सिनेमातली पोर कुणाचीच लेक नसते, त्यामुळे तिच्याबद्दल मोकळं बोलता येतं. आम्ही निवडलेले सिनेमे तीन, आणि त्या तिन्हींत कोवळ्या वयाचं प्रेम आहे.

पहिला 'शाळा'. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर सुजय डहाके यांनी काढलेला हा सिनेमा २०१२ च्या जानेवारीत लागला. गोष्ट मात्र १९७५ सालातली, आणीबाणीच्या दिवसांतली. लहान गाव, नववीचा वर्ग. मुकुंद जोशी नावाचा मुलगा आणि वर्गातली शिरोडकर. दोघांची नावं आपण पूर्ण घेतच नाही, कारण शाळेत तेव्हा आडनावानेच हाक मारायची पद्धत होती. जोशी आणि त्याचे तीन मित्र एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून गप्पा छाटतात. कोण कुणाला 'लाइन' देतं, याचा सगळा हिशोब तिथे चालतो. जोशीचं प्रेम म्हणजे तरी काय? ती कुठल्या रस्त्याने जाते ते माहीत असणं, तिने एकदा मान वळवून बघणं. दोन शब्द बोलायला मिळाले तर आठवडाभर पुरतात.

जुन्या काळातला सिनेमा दाखवण्याचा एक फायदा आमच्या आधी ध्यानात आला नव्हता. पन्नाशी-साठीच्या बाया बोलायला लागतात. एरवी "आजकालच्या पोरी" म्हणून सुरुवात करणाऱ्या आजी पडद्यावर ते दोन वेण्यांचे दिवस बघून म्हणतात, "आमच्या वर्गातबी एक होता." मग हसू पसरतं. सुना बघतच राहतात, सासूच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकतात. पोरापोरींना एकमेकांकडे बघावंसं वाटणं हे काही मोबाइलने आणलेलं नाही, हे सांगायला आम्हाला वेगळं भाषण करावं लागत नाही. मोबाइलमुळे एक मात्र बदललं. तेव्हा नजर दिली आणि ती हवेत विरली. आता ती स्क्रीनशॉट होऊन गावच्या ग्रुपवर फिरते, आणि फिरते ती बहुधा मुलीचीच.

तर 'शाळा'त पुढे काय होतं? शिरोडकरच्या वडिलांची बदली होते, ती गाव सोडून जाते. जोशी एकटा राहतो. मन मोडतं, पण तेवढंच. कुणी कुणाच्या घरावर चालून जात नाही, कुणाचं शिक्षण थांबल्याचं आपल्याला दिसत नाही. जोशीला समजून घेणारा एक नरूमामा आहे, त्याच्याशी तो बोलू शकतो. घर शिकलेलं आहे, वडील नोकरीत आहेत. दोन्ही घरं एकाच थरातली, त्यामुळे हे प्रेम झालं काय आणि न झालं काय, गावाचं काही अडत नाही.

यानंतर 'फँड्री' लावायचा. नागराज मंजुळे यांचा हा पहिला मोठा सिनेमा, १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. म्हणजे बरोबर 'व्हॅलेंटाइन डे'ला, आणि ते काही सहज घडलं नसावं असं आम्हाला वाटतं. इथेही शाळकरी मुलगा आहे, वर्गातली मुलगी आहे. पण जब्या कैकाडी समाजातला. त्याच्या बापाची, कचरू मानेची, झोपडी गावाबाहेर. मिळेल ती मजुरी करायची आणि गावात डुकरं माजली की ती धरायची, हे त्यांच्या वाट्याला आलेलं काम. 'फँड्री' या कैकाडी शब्दाचा अर्थच डुक्कर. शालू वरच्या जातीतली, चांगल्या घरातली. जब्या तिच्याशी सिनेमाभर धड एक वाक्य बोलत नाही.

इथे आम्ही बायांना सांगतो, गोष्ट सोडा, वस्तू बघा. जब्याला जीनची पँट हवी आहे. ती घालून गेलो तर शालू बघेल, असं त्याला वाटतं. त्यासाठी तो बर्फाच्या कांड्या विकायला जातो. सायकल त्याची नाही, चंक्याची आहे. ती सायकल ट्रकखाली येते आणि चुराडा होतो. एका पँटीसाठी केवढा हा खटाटोप! दुसऱ्या मुलांना ती पँट बापाने बाजारातून आणून दिलेली असते. जब्याने ऐकलेलं असतं की लांब शेपटीच्या काळ्या चिमणीची राख एखाद्यावर टाकली की ते माणूस आपल्या प्रेमात पडतं. म्हणून तो मित्राबरोबर रानोमाळ ती चिमणी शोधत फिरतो. बाया यावर हसतात, आणि मग एखादी म्हणते, "त्याच्याकडं दुसरं हाय तरी काय?"

वरचं घर आणि खालचं घर म्हणजे नेमकं काय, हे या वस्तूंवरून कळतं. पैसा तर आहेच, पण त्याच्याबरोबर घर कुठे आहे, पाणी कुठलं, काम कुठलं आणि हाक कशी मारतात, हे सगळं येतं. शहरात लोक म्हणतात की आता जात राहिली नाही, फक्त गरीब-श्रीमंत उरलं. गावात मात्र बहुतेक ठिकाणी जमीन ज्याची, आळी ज्याची, मान त्याचा. पैसा आणि जात एकाच दोरीने बांधलेले. थोडा पैसा आला म्हणून ती दोरी लगेच तुटत नाही.

शेवटाकडे गावच्या जत्रेसाठी डुकरं धरायचं काम कचरूवर येतं. मोठ्या मुलीचं लग्न ठरवायचं आहे, पैसा हवा आहे, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. बाप, आई, बहिणी, जब्या सगळं घर डुकरामागे धावतं, आणि तेही शाळेच्या जवळ. वर्गातली पोरं भिंतीवर बसून बघतात, हसतात. जब्या आधी लपतो, मग बापाचा मार खाऊन बाहेर येतो. अशात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर पळून जातं. या ठिकाणी सगळी बैठक गप्प होते. नंतर धरलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचं आणि सावित्रीबाईंचं चित्र दिसतं. हसणाऱ्यांत शालूही असते. जब्याने शेवटी भिरकावलेला दगड थेट पडद्यातून आपल्याकडे येतो.

एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मला त्या पोरीचा राग आला." दुसऱ्या म्हणाल्या, "तिला काय माहीत, तो तिच्यावर जीव टाकतोय म्हणून." दोघींचं बरोबर आहे. पण आम्हाला वाटतं, 'शाळा' आणि 'फँड्री' या दोन्ही चांगल्या सिनेमांत एक जागा रिकामी राहते. शिरोडकरच्या मनात काय होतं? शालूच्या घरी काय बोलणं व्हायचं? दोन्ही गोष्टी मुलाच्या डोळ्यांनी सांगितल्या आहेत. मुलगी खिडकीत दिसते, बाकावर दिसते, रस्त्याने जाताना दिसते. तिच्या घराच्या आत कॅमेरा फारसा जात नाही. ती रिकामी जागा भरायचं काम आपण बैठकीत करतो. "शालूला त्या दिवशी घरी गेल्यावर आईने काय विचारलं असेल?" एवढा एकच प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं. अर्धा तास बाया बोलतात, आणि बोलता बोलता आपल्याच घरातलं बोलतात.

मुलीच्या डोळ्यांनी बघणारा सिनेमा म्हणजे 'सैराट'. तोही मंजुळेंचाच, २९ एप्रिल २०१६ चा. गाणी तर आपल्या प्रत्येक हळदीत वाजली, पण गोष्ट पुन्हा बघण्यासारखी आहे. करमाळ्याच्या भागातला हा मुलूख, उसाचा, नदीचा, राजकारणाचा. आर्ची पाटलाची मुलगी, बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, कुणाला भीत नाही. परश्या मासेमारी करणाऱ्या घरातला. ते पळून जातात. त्यांच्या मागे परश्याच्या घरचं काय होतं ते नीट बघा. जातपंचायतीपुढे बाप उभा आहे, समाज वाळीत टाकतो, बहिणीचं लग्न अडतं. पळून गेले दोघे आणि भोगतं सगळं घर. आर्चीच्या बापाची राजकारणात बेअब्रू होते खरी, पण त्याचं घर, जमीन, गाडी जागच्या जागी राहते. खालच्या घराला हे प्रेम जास्त महाग पडतं, हे सिनेमा न बोलता दाखवतो.

दुसरी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. हैदराबादला गेल्यावर या दोघांना हात देते कोण? सुमनअक्का, डोशाची गाडी लावणारी, एकटीने मूल वाढवणारी बाई. ती त्यांना खोली बघून देते, आर्चीला कामाला लावते. ही भूमिका छाया कदम यांनी केली आहे, आणि गंमत म्हणजे 'फँड्री'त जब्याची आई त्याच झाल्या होत्या. आमच्या बायांना सुमनअक्का फार आवडते. तिच्याकडे पैसा नाही, ओळखी नाहीत, फक्त एक धंदा आहे आणि त्यामुळे कुणाला विचारत बसायची गरज नाही.

तिथेही सगळं गोड नाही. परश्या संशय घेतो, आर्चीवर हात उचलतो. पुढे ती परत येते, संसार करतात, मूल होतं. एक दिवस आर्ची आईला फोन करते आणि बाळाला बोलायला लावते. मग काही दिवसांनी भाऊ आईकडच्या भेटवस्तू घेऊन दारात येतो. त्यानंतर काय होतं ते बहुतेकींना ठाऊक आहे. शेजारणीकडून परतलेलं लेकरू रक्तात पाय भरवून बाहेर येतं. आई त्या फोननंतर घरात काय बोलली असेल? आनंदाने बोलली असेल, असंच आम्हाला वाटतं. लेकीचा आवाज ऐकला, नातू ऐकला. तिचा आनंद कुणाच्या कानावर गेला, हे सिनेमा सांगत नाही.

आता पडद्यावरून आपल्या गावात येऊ. आमच्या पाहण्यात आर्चीसारखी पळून जाणारी मुलगी क्वचितच असते. शिरोडकरसारख्या मात्र पुष्कळ, ज्यांनी नुसतं बघितलं किंवा एखादा मेसेज केला. त्यांचं काय होतं? फोन काढून घेतला जातो, शाळा बंद होते, बाहेर जाणं बंद होतं आणि स्थळं बघायला सुरुवात होते. मुलाला दोन थोबाडीत बसतात आणि तो सोमवारी पुन्हा शाळेत जातो. मुलीचं दप्तर माळ्यावर जातं. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी बाळंतपण. हे आईबाप दुष्टपणाने करतात असं नाही, भीतीने करतात. "नाव खराब झालं तर कोण करील?" ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा हा उपाय कायद्याने गुन्हा आहे आणि मुलीच्या जिवाला धोक्याचा आहे.

कायद्याचं थोडं स्पष्ट सांगतो, कारण यात घोटाळा फार होतो. लग्नाला मुलगी १८ पूर्ण आणि मुलगा २१ पूर्ण लागतो. त्याआधी लग्न लावलं तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली लावणारे, ठरवणारे सगळे अडकतात. गावात ग्रामसेवकाला त्याचे अधिकार आहेत. दुसरं, २०१२ चा पोक्सो कायदा. १८ वर्षांखालच्या मुलीने "माझी मर्जी होती" म्हटलं तरी कायदा ती मर्जी धरत नाही. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी आणि वीस वर्षांचा मुलगा पळाले, तर मुलगा तुरुंगात जातो आणि मग दोन्ही घरांनी मिटवून घेऊ म्हटलं तरी ते सहजी मिटत नाही. हे मुलांच्या आयांनीही आपल्या मुलांना सांगायला हवं, मुलींच्याच आयांनी नव्हे.

दोघं सज्ञान असतील तर गोष्ट वेगळी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने कुठल्याही जातीधर्माच्या दोघांना नोंदणी पद्धतीने लग्न करता येतं. त्यासाठी तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायतीने किंवा खापने आडवं येणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ ला सांगितलं. वाळीत टाकण्याविरुद्ध आपल्या राज्याचा वेगळा कायदा आहे, सामाजिक बहिष्काराचा, २०१६ चा. परश्याच्या बापावर जे झालं, ते आज गुन्हा आहे. आंतरजातीय लग्नाला राज्याची आर्थिक मदतीची योजना आहे, पन्नास हजार रुपयांची. त्यात दोघांपैकी एक जण मागास प्रवर्गातला लागतो, प्रवर्गाचे नियम आहेत. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करावी. आणि कुणाच्या जिवाला धोका वाटला तर ११२, बाईमाणसासाठी १८१, मुलांसाठी १०९८. हे नंबर गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

वाळीत टाकण्याचा विषय निघाला की आम्हाला आमच्याच वस्तीचं नाव आठवतं. कर्वेनगर ज्यांच्यावरून म्हणतात त्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवा मुलीशी लग्न केलं. दोघांची जात एक, तरी मुरुडच्या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. पुढे १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो इथे हिंगण्याला, माळावरच्या झोपडीत आणला. मुली शिकल्या त्या तिथून. पण आम्हाला जास्त जवळच्या वाटतात त्या गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे. संस्थेसाठी नवरा फिरायचा आणि घर ओढायच्या त्या. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावरून 'हिमालयाची सावली' हे नाटक लिहिलं. आता त्याच माळावर बंगले, कॉलेजं आणि बाजार आहे. त्या बंगल्यांत धुण्याभांड्याला जाणाऱ्या आमच्या गटातल्या बायांच्या मुली आणि त्या बंगल्यांतली मुलं एकाच बसने कॉलेजला जातात. इथे पाटलाचा वाडा नाही, सोसायटीचं गेट आहे, वॉचमन आहे, एवढाच फरक.

आमच्या एका गटात एक गोष्ट चांगली झाली, ती नाव-गाव न सांगता सांगतो. नववीतल्या मुलीबद्दल गावात कुजबुज सुरू झाली. घरच्यांनी शाळा बंद करायचं ठरवलं होतं. गटातल्या तिघी जणी आईकडे गेल्या. त्यांनी समजूत घालत बसण्याऐवजी एकच गोष्ट ठरवली: मुलगी शाळेला जाताना आणि येताना रोज त्यांच्यापैकी एक जण बरोबर जाणार, दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत. दुधाच्या डेअरीला जाताना एक वळसा जास्त, इतकंच. बापाची अडचण "लोक काय म्हणतील" ही होती. गावातल्या तीन बाया रोज पोरीबरोबर दिसल्यावर लोकांनाही म्हणायला फार उरलं नाही. मुलाच्या आईलाही त्यांनी निरोप दिला, रागाने नव्हे, चहाला बोलावून. मुलगी दहावी झाली, आता पुढे शिकते आहे. तिच्या मनात त्या मुलाबद्दल काय आहे, हे आम्ही विचारलं नाही. तो तिचा प्रश्न आहे.

घरी मुलीशी कसं बोलायचं, असं पुष्कळ जणी विचारतात. आमचं म्हणणं एवढंच की "तुझं कुणाशी आहे का?" इथून सुरुवात करू नका. सिनेमातून सुरुवात करा. "जब्याने जीन घेतली असती तर शालू बोलली असती का गं?" असं विचारा. भाकरी थापताना विचारा, समोरासमोर बसून नको. पोरी तव्याकडे बघत पुष्कळ सांगतात. आणि मुलांनाही विचारा. परश्याने आर्चीवर हात उचलला तेव्हा तुला काय वाटलं? तो गप्प बसला तरी चालेल.

एक सूचना. 'टाइमपास' नावाचाही सिनेमा आहे, नव्वदच्या दशकातला दगडू आणि प्राजक्ता दाखवणारा. तो पोरांना पाठ असतो, त्यांनी मागितला तर जरूर लावा, हसायला बरा आहे. पण बैठकीत बोलायला आमच्या मते हे तिघेच जास्त उपयोगाचे.

'शाळा' आणि 'फँड्री' एका संध्याकाळी एकामागे एक लावू नका, मध्ये एक आठवडा जाऊ द्या. 'सैराट' पावणेतीन तासांहून मोठा आहे, त्यामुळे जेवणानंतर सुरू केला तर मध्यरात्र होते, रविवारी दुपारी ठेवा. शेवटची पाच मिनिटं यायच्या आधी लहान पोरांना अंगणात न्यायला एक जण ठरवून ठेवा. पडदा आणि प्रोजेक्टर आम्ही आणू, लाइटची आणि लांब वायरची सोय गटाने करायची. तारीख आपल्या सहयोगिनीकडे या महिन्याच्या बैठकीआधी कळवा, कारण पावसाळ्यात घाटाकडच्या गावांना दोनदा यायला आम्हाला जमत नाही.